लॉक एस्कलेशनचे इशारे: लॉकलिस्ट वाढवायची की बॅच बदलायची?

रातपाळी
मंडळी, आयबीएमच्या डीबी२ डेटाबेसवर काम करणाऱ्यांची मदत हवी आहे.

लिनक्सवर डीबी२ ११.५ आहे. डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवताना लॉकलिस्ट ऑटोमॅटिक न ठेवता ८१९२ वर पक्की करावी असं ठरलं, तशी केली. कमांड चालली, पण सोबत एसक्यूएल ५१४६ डब्ल्यू हा इशारा आला. लॉकलिस्ट मॅन्युअल असेल तर मॅक्सलॉक्सही मॅन्युअलच हवं, म्हणून ते तसं केलं आहे, असा त्याचा आशय. मग मॅक्सलॉक्स १० ठेवलं.

तेव्हापासून महिनाअखेरची बॅच चालू झाली की नोटिफिकेशन लॉगमध्ये एडीएम ५५०२ डब्ल्यू दिसतो. खात्यांच्या टेबलवरचे अमुक इतके लॉक एक्स लॉकमध्ये एस्कलेट झाले, म्हणजे एकेका रोवरचे (ओळीवरचे) लॉक सोडून अख्ख्या टेबलवर एकच एक्सक्लूझिव्ह लॉक लागला, असं त्यात असतं. अमुक इतके म्हणजे दर वेळी १३ हजारांच्या आसपास. बॅच लांबली आणि सकाळचे लोक कामाला लागले की त्यांना एसक्यूएल ०९११ एन, रीझन कोड ६८, म्हणजे लॉकची वाट पाहून टाइमआउट.

प्रश्न दोन. पहिल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का? आणि दुसऱ्यासाठी लॉकलिस्ट किती वाढवू?

झटपट
चौपट करा. हल्ली सर्व्हरवर मेमरीची कमी नसते, ३२ एमबीसाठी कशाला डोकं खाजवायचं!

मुक्ता
पहिल्या इशाऱ्याचं सांगते.

५१४६ डब्ल्यू हा बिघाड नाही. लॉकलिस्ट म्हणजे लॉक ठेवण्याची एकूण जागा, ४ केबीच्या पानांत मोजलेली. मॅक्सलॉक्स म्हणजे त्या जागेतला किती टक्के भाग एका ॲप्लिकेशनने व्यापला की एस्कलेशन करायचं ती मर्यादा. एकूण जागा तुम्ही पक्की केली तर तिच्यातला वाटा डीबी२ आपल्या मनाने हलवणार नाही. म्हणून दोन्ही एकत्र ऑटोमॅटिक किंवा दोन्ही एकत्र मॅन्युअल.

पण दुर्लक्ष मात्र करू नका, कारण त्या एका ओळीत तुमची व्यवस्था बदलली. आधी दोन्ही आकडे सेल्फ ट्यूनिंग (डीबी२ने स्वतःच मेमरी कमीजास्त करायची सोय) सांभाळत होतं, आता तुम्ही सांभाळताय. डेटाबेसला कनेक्ट होऊन गेट डीबी सीएफजी शो डीटेल चालवा. ऑटोमॅटिक असताना तिथे कंसात चालू किंमत दिसते. मॅक्सलॉक्स तिथे ९७-९८ दिसल्याचं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. तुम्ही १० ठेवलंत, म्हणजे एका ॲप्लिकेशनचा वाटा एकदम आक्रसला. जुन्या सर्व्हरवर हे इशारे येत नव्हते ना?

रातपाळी
नव्हते! बॅच तीच, डेटा जवळपास तितकाच. जुन्या सर्व्हरवर दोन्ही ऑटोमॅटिक होतं.

आकडेमोड
मुक्ताताईंचं बरोबर आहे. फक्त झटपट यांच्या ‘चौपट करा’ला आकड्यांनी तपासू.

८१९२ पानं गुणिले ४ केबी म्हणजे ३२ एमबी. त्याचे १० टक्के म्हणजे साधारण ३३ लाख ५५ हजार बाइट. एखाद्या गोष्टीवर आधी कुणाचाच लॉक नसेल तर पहिल्या लॉकला २५६ बाइट लागतात, आधीचा असेल तर पुढच्याला १२८. बॅच दर वेळी नवी रो घेते, म्हणजे २५६ धरा. भागाकार करा: १३,१०७.

लॉगमध्ये दर वेळी १३ हजारांच्या आसपासच आकडा का येतो, त्याचं उत्तर हे. तुमची ३२ एमबी लॉकलिस्ट भरतच नाहीये. एका ॲप्लिकेशनचा १० टक्क्यांचा वाटा भरतोय. चौपट केलीत तर तोच इशारा ५२ हजारांवर येईल.

बॅच एका कमिटमध्ये, म्हणजे बदल एकदा पक्के करेपर्यंत, किती रो बदलते ते सांगा, मग पुढचं बोलू.

रातपाळी
जवळपास चार लाख. जावा प्रोग्रॅम आहे. कर्सर (क्वेरीच्या निकालातून एकेक रो वाचायची सोय) उघडतो, एकेक रो घेतो, अपडेट करतो, शेवटी एकदाच कमिट.

आकडेमोड
मग हे बघा. चार लाख गुणिले २५६ बाइट म्हणजे २५,००० पानं, जवळपास १०० एमबी. मॅक्सलॉक्स १०० असलं आणि दुसरं कुणीच काही करत नसलं तरी एवढी हवीत. मॅक्सलॉक्स १० वरच ठेवलं तर लॉकलिस्ट अडीच लाख पानं, म्हणजे साधारण १ जीबी. एका बॅचसाठी, नुसती कुलपं ठेवायला.

झटपट
हिशेब पटला. चौपट मागे घेतो. :)

जुना मेनफ्रेमवाला
झेड/ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमवरच्या डीबी२मध्ये, हे सगळं वेगळ्या नावांनी आहे. एका टेबलस्पेसवर किती लॉक झाले की एस्कलेशन करायचं ते एनयूएमएलकेटीएस सांगतं, आणि एका यूजरला एकूण किती लॉक घेता येतील ते एनयूएमएलकेयूएस. दुसरी मर्यादा ओलांडली की तिथे इशाऱ्यावर भागत नाही, सरळ उणे ९०४ ही एरर, रीझन ००सी९००९६, आणि जॉब कोसळतो.

त्यामुळे तिथल्या माणसाला पहिल्या दिवसापासून एक सवय लागते. किती रोंनंतर कमिट करायचं हा आकडा प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही, कंट्रोल टेबलमध्ये ठेवायचा. दिवसा चालवायची वेळ आली तर आकडा कमी करायचा, रात्री वाढवायचा, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. त्याच टेबलमध्ये शेवटची पूर्ण झालेली किल्ली ठेवायची. ती रो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करायची, ज्यात खात्यांच्या रो बदलल्या. मग जॉब मध्येच पडला तरी पुन्हा चालवताना तिथूनच पुढे सुरू. दोन्ही वेगवेगळ्या कमिटमध्ये केलंत तर एखादी हजाराची थप्पी दोनदा लागेल किंवा अजिबात लागणार नाही.

हत्तीमित्र
पोस्टग्रेसवर रो लॉकसाठी ही भानगडच नाही. रो कुणी धरली आहे ते त्या रोच्या हेडरमध्येच, एक्समॅक्समध्ये लिहिलं जातं. मेमरीतल्या लॉक टेबलात जात नाही. चार लाख काय, चार कोटी रो बदला, एस्कलेशन हा प्रकार नाही.

वाचनमात्र
हत्तीमित्र आले म्हणजे धागा आता रंगणार. :)

सिंधू_डी
हत्तीमित्र, ‘भानगडच नाही’ हे रो लॉकपुरतं खरं. पण ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी, मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन वाढवून बघा’ हे वाक्य पोस्टग्रेसचंच आहे की. आमच्याकडे रोजच्या बॅकअपला पीजी_डंप त्यावर अडकायचा.

हत्तीमित्र
मान्य, ते यायला हवं. सविस्तर लिहितो, कारण त्या हिंटमधल्या नावामुळेच लोक भलतीकडे जातात.

मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शनची मूळ किंमत ६४. नावावरून वाटतं की एका ट्रान्झॅक्शनला ६४ लॉक मिळतात आणि ६५वा मागितला की एरर. तसं नाही. ६४ ला मॅक्स कनेक्शन्स आणि मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स यांच्या बेरजेने गुणायचं आणि तेवढी एकच सामाईक जागा शेअर्ड मेमरीत राखली जाते. मूळ १०० कनेक्शन धरली तर ६४०० लॉक. ती कुणा एकाने भरली तरी चालतं, सगळ्यांनी मिळून भरली तरी चालतं. त्यामुळे एरर ज्याला येते तो गुन्हेगार असेलच असं नाही. तो फक्त शेवटी आलेला असतो.

इथे मोजले जातात ते टेबल, इंडेक्स, पार्टिशन (मोठ्या टेबलचा तुकडा) अशा वस्तूंवरचे लॉक. शिवाय ॲडव्हायजरी लॉकही (ॲप्लिकेशन स्वतःच्या सोयीने घेतं ते) त्याच जागेतून जातात. समजा रोजचं एक पार्टिशन, वर्षाची ३६५, प्रत्येकावर ४ इंडेक्स. पार्टिशनच्या किल्लीवर अट न घातलेली एक साधी सिलेक्ट चालवली तर १८२५ लॉक. अशी चार सेशन एकाच वेळी आली की ७३०० होतात आणि ६४०० ची जागा संपते. रो एकही बदललेली नाही!

आणखी एक बारकावा. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा जेनेरिक प्लॅन (अटीतली प्रत्यक्ष किंमत न बघता आखलेला) असेल तर नको ती पार्टिशन चालवताना छाटली जातात, पण लॉक त्याआधीच सगळ्यांवर लागलेले असतात. म्हणजे अट घातली आहे, एक्स्प्लेनमध्ये छाटणी दिसते आहे, तरी पीजी_लॉक्समध्ये लॉकची रांगच्या रांग. हे पाहून भलेभले चक्रावतात.

सिंधू_डी
आमचा डंप म्हणूनच अडकायचा. पीजी_डंप सगळ्या टेबलांवर ॲक्सेस शेअर लॉक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतो आणि शेवटपर्यंत धरतो. तिथे ‘कमिट लवकर करा’ हा सल्ला लागू पडत नाही, कारण एकाच क्षणाचं सुसंगत चित्र हवं तर सगळे लॉक एकदम धरावेच लागतात. टेबलं आणि पार्टिशन मिळून काही हजार होती. आम्ही मर्यादा वाढवली आणि प्रश्न संपला. म्हणजे ‘मेमरी वाढवा’ हेही कधी कधी बरोबर उत्तर असतं. झटपट यांनी चौपट मागे घेतलं ते डीबी२ पुरतंच.

झटपट
धन्यवाद ताई!

हत्तीमित्र
अगदी. फक्त ती किंमत बदलली की सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. आणि स्टँडबाय (प्रायमरी सर्व्हरची राखीव प्रत) असेल तर वाढवताना आधी स्टँडबायवर, मग प्रायमरीवर. स्टँडबायवरची किंमत प्रायमरीपेक्षा कमी राहून चालत नाही. कमी करताना क्रम उलटा.

कुंपण
एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची हजेरी. एका स्टेटमेंटने एका टेबलावर निदान ५००० लॉक घेतले की एस्कलेशनचा प्रयत्न होतो. लॉकची मेमरी खरंच संपली तर एरर १२०४. ऑल्टर टेबलमध्ये लॉक एस्कलेशन डिसेबल करता येतं, पण ते करणाऱ्याने आधी वरचा आकडेमोड यांचा हिशेब करावा. एस्कलेशन बंद केलं म्हणजे लॉक कमी झाले असं नाही, ते मेमरीत साठत राहतात. आम्ही डिलीट टॉप ४००० असं लूपमध्ये चालवतो, उंबरठ्याच्या खाली राहतो.

अनुक्रम
मायएसक्यूएलचंही नोंदवतो. त्याच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये एस्कलेशन नाही. रो लॉक पानागणिक बिटमॅपमध्ये ठेवले जातात, म्हणून जागा फार कमी लागते. तरी एरर १२०६ येते, ‘लॉकची संख्या लॉक टेबलच्या आकाराबाहेर गेली’. ही जागा बफर पूलमधून (टेबलांची पानं मेमरीत ठेवायची जागा) येते आणि त्याची मूळ किंमत १२८ एमबी. म्हणून जो शोधतो त्याला ‘बफर पूल वाढवा’ हेच उत्तर मिळतं.

मी मात्र आधी शो इंजिन इनोडीबी स्टेटस बघतो. ट्रान्झॅक्शनखाली लॉक स्ट्रक्ट किती, हीप साइझ किती, रो लॉक किती, अशी एक ओळ असते. बदललेल्या रो दोनशे आणि रो लॉक काही लाख असं दिसलं की समजायचं, व्हेअरमधल्या कॉलमवर इंडेक्स नाही. रिपीटेबल रीड या आयसोलेशन लेव्हलवर (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्यांपासून किती अलग ठेवायचं ती पातळी) इनोडीबी जितक्या रो वाचतो तितक्या धरतो, जुळल्या नाहीत त्याही. इंडेक्स टाकला की इशारा गायब, मेमरी आहे तितकीच.

मुक्ता
अनुक्रम यांचा मुद्दा रातपाळी यांच्याही कामाचा आहे. डीबी२ मध्ये आयसोलेशन लेव्हल कोणती आहे? जेडीबीसीत (जावातून डेटाबेसशी बोलायची सोय) रिपीटेबल रीड लावलं असेल तर ते डीबी२ च्या आरएसवर (रीड स्टेबिलिटी) जातं, आणि जेडीबीसीचं सीरियलायझेबल डीबी२ च्या आरआरवर (रिपीटेबल रीड). आरएसमध्ये तुमच्या अटीत बसलेली, नुसती वाचलेली प्रत्येक रोसुद्धा कमिटपर्यंत लॉक धरते. तुम्ही फक्त अपडेटचे लॉक मोजताय, वाचनाचे त्यात असू शकतात. बऱ्याच ॲप्लिकेशनना सीएस (कर्सर स्टेबिलिटी) पुरतं.

शिवाय डीबी२पीडी, डीबी आणि लॉक्स हे पर्याय देऊन चालवा. ते इंजिनच्या मेमरीतून थेट वाचतं, त्यामुळे सगळं तुंबलेलं असतानाही उत्तर देतं. त्यात मोड बघा: रोवर एक्स (बदलाचे) किती, एनएस (वाचनाचे) किती. एनएसचा ढीग दिसला तर वाचनाकडे बघायचं.

विदा_पाटी
सगळे कमिट कमिट करताहेत, पण ही बॅच मी लिहिली असती तर मीही शेवटी एकच कमिट ठेवला असता. महिनाअखेरचा हिशेब आहे. अर्ध्या खात्यांना नवा महिना आणि अर्ध्यांना जुना, असं मधल्या वेळात कुणाला दिसलं तर ती चूक लॉकच्या इशाऱ्यापेक्षा कितीतरी मोठी. डीबीएला इशारा नको म्हणून हिशेबाचा नियम मोडायचा का? रात्री कुणी नसेल तर सुरुवातीलाच लॉक टेबल इन एक्सक्लूझिव्ह मोड घ्या. चार लाखांऐवजी एक लॉक, एस्कलेशनचा प्रश्नच नाही.

आकडेमोड
विदा_पाटी, मुद्दा वजनदार आहे, आणि रात्री खरंच कुणी नसेल तर तुमचा उपाय स्वच्छ आहे. एस्कलेशन म्हणजे अखेर नको त्या क्षणी मिळालेला टेबल लॉकच. तो आपणहून, ठरवून घेतला तर निदान कधी लागतो आणि कधी सुटतो हे आपल्याला माहीत असतं.

पण इथे दोन अडचणी. बॅच सकाळपर्यंत लांबते, तेव्हा लोक अडकतातच. आणि एवढा मोठा एकच ट्रान्झॅक्शन फक्त लॉक खात नाही, ट्रान्झॅक्शन लॉगही (बदलांची नोंदवही) अडवून धरतो. डेटा वाढला की एखाद्या महिन्यात एसक्यूएल ०९६४ सी येईल, लॉग भरला म्हणून. मग पूर्ण रोलबॅक, म्हणजे केलेले सगळे बदल मागे, आणि तो चालू असेपर्यंत टेबल बंदच.

जुना मेनफ्रेमवाला
हिशेबाचा नियम न मोडता करता येतं. नव्या महिन्याच्या रो वेगळ्या रन क्रमांकाने लिहायच्या, थप्प्यांनी कमिट करत. वाचणारे सगळे ‘चालू रन’ कोणता ते कंट्रोल टेबलमधून घेतात. सगळ्या रो पडताळून झाल्या की शेवटी त्या टेबलमधली एकच रो बदलायची. बाहेरच्यांना महिना एका क्षणात बदललेला दिसतो, आणि त्या क्षणी लॉक फक्त एका रोवर. मधे काही बिघडलं तर तो रन क्रमांक रद्द, जुना महिना जागच्या जागी.

विदा_पाटी
हे आवडलं. माझी हरकत मागे. फक्त वाचणाऱ्या सगळ्या क्वेरींत रन क्रमांकाची अट घालावी लागेल, ते काम लहान नाही.

जुना मेनफ्रेमवाला
व्ह्यूमागे (क्वेरीला दिलेलं टेबलसारखं नाव) लपवा. क्वेरी जुन्याच नावावर चालू राहतील.

वाचनमात्र
बाजूचा प्रश्न: थप्पीने कमिट केलं की कर्सर बंद नाही का होणार? पुढची रो कुठून आणणार?

मुक्ता
चांगला प्रश्न, पुष्कळांची बॅच इथेच अडते. कर्सर विथ होल्ड असेल तर कमिटनंतर उघडा राहतो. जेडीबीसीत त्यासाठी होल्ड कर्सर्स ओव्हर कमिट. पण रोलबॅक झाला तर होल्ड असला तरी बंद होतो, म्हणून शेवटची किल्ली साठवणं चुकत नाही. मला स्वतःला कर्सर मुळीच न धरणं बरं वाटतं: ‘या किल्लीनंतरच्या पुढच्या हजार’ अशी क्वेरी, अपडेट, कमिट, पुन्हा तेच. किल्लीवर इंडेक्स हवा, एवढीच अट.

रातपाळी
सगळ्यांचे आभार. एवढं होऊन परत येतोय.

डीबी२पीडीमध्ये मुक्ताताई म्हणाल्या तसे एनएस लॉक भरपूर निघाले. बॅच सुरुवातीला दरांचं टेबल वाचते, तिथे आरएस लागू होतं. ते सीएस केलं. लॉकलिस्ट आणि मॅक्सलॉक्स दोन्ही परत ऑटोमॅटिक केलं. बॅचला किल्लीवर चालणाऱ्या थप्प्या लावल्या, थप्पीचा आकडा कंट्रोल टेबलमध्ये. रन क्रमांकाचं काम विदा_पाटी म्हणतात तसं मोठं आहे, तोवर बॅच चालू असताना ॲप्लिकेशनमध्ये महिनाअखेरचा स्क्रीन बंद ठेवायचं संबंधितांशी बोलून ठरलं.

महिनाअखेरची बॅच कालच झाली. खात्यांच्या टेबलवर एकही एस्कलेशन नाही, ६८ ची तक्रार नाही. मॉन_गेट_डेटाबेसमधला लॉक_एस्कल्स हा एस्कलेशनचा आकडा मात्र शून्य नाही, दोनने वाढला आहे. नोटिफिकेशन लॉगमध्ये ते वेगळ्याच टेबलवर दिसतात, एका रिपोर्टच्या वेळी.

मुक्ता
छान झालं! सेल्फ ट्यूनिंगचं एक तपासा: सेल्फ_ट्यूनिंग_मेम ऑन हवं, आणि डेटाबेस मेमरी ठरावीक असेल तर किमान दोन घटक ऑटोमॅटिक हवेत. एकटी लॉकलिस्ट ऑटोमॅटिक ठेवली आणि बफर पूल, सॉर्टहीप सगळं पक्कं असलं, तर ती मेमरी घेणार कुणाकडून?

आणि त्या रिपोर्टसाठी मॉन_एलसीके_एमएसजी_एलव्हीएल ३ करून ठेवा. मूळ १ वर फक्त एस्कलेशन नोंदलं जातं. ३ वर डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकवर अडकणं) आणि टाइमआउटही येतात, म्हणजे त्या दोन एस्कलेशनमुळे कुणी अडकलं का ते कळेल.

रातपाळी
बफर पूल दोन्ही ऑटोमॅटिक आहेत, ते बघितलं. लेव्हल ३ आज करतो. रिपोर्ट कुठल्या आयसोलेशनवर चालतो ते विचारलं आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.

आकडेमोड
त्या दोन ओळींतला लॉकचा आकडाही टाका. मॅक्सलॉक्स आता ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे तो १३ हजार नसणार. त्या वेळची लॉकलिस्ट किती होती ते सोबत दिलंत तर वाटा भरला की अख्खी यादी, हे लगेच सांगता येईल.